जास्त सेटकडून एका कसून केलेल्या सेटकडे: ताकदीच्या व्यायामात बदल कसा करावा

आठवड्यातून पाच-सहा दिवस जिममध्ये दीड-दोन तास घालवणाऱ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पाऊण तासाच्या व्यायामाकडे वळायचे असेल, तर केवळ सेट (न थांबता सलग केलेल्या आवर्तनांचा एक गट) कमी करून भागत नाही. उरलेल्या सेटकडून घ्यायचे कामही बदलते. पुढे पंधरा-वीस सेट बाकी आहेत हे ठाऊक असले की माणूस नकळत प्रत्येक सेटमध्ये थोडी शक्ती राखून ठेवतो. एकच सेट करायचा असताना ती सवय तशीच राहिली, तर उरतो तो निव्वळ अपुरा व्यायाम.

नॉटिलस या व्यायामयंत्रांचे जनक आर्थर जोन्स यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत थोडेच पण पूर्ण जोर लावून सेट करण्याच्या या पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला आणि शरीरसौष्ठवपटू माइक मेंट्झर यांनी ती पुढे नेली. १९९२ ते १९९७ अशी सलग सहा वर्षे मिस्टर ऑलिम्पिया ही शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकलेले डोरियन येट्स यांचा व्यायामही याच धाटणीचा होता. मात्र मुख्य सेटपूर्वी ते वॉर्मअपचे सेट करत आणि एका स्नायूसाठी अनेक व्यायाम घेत, ही बाब त्यांचा दाखला देणारे बहुधा विसरतात.

बदल एका दिवसात करू नये. पहिला आठवडा नेहमीचेच व्यायाम हलक्या वजनाने करावेत, म्हणजे साचलेला थकवा उतरेल. त्यानंतरचे दोन आठवडे वजन पूर्ववत ठेवून सेट निम्म्यावर आणावेत आणि प्रत्येक सेट आणखी एक-दोन रेप (आवर्तने) निघू शकतील अशा ठिकाणी थांबवावा. सेट घटवणे आणि जोर वाढवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्यास शरीर कशाला प्रतिसाद देत आहे हे समजत नाही, शिवाय सांधे आणि स्नायुबंधही नव्या ताणाला तयार झालेले नसतात.

चौथ्या आठवड्यापासून संपूर्ण शरीराचे सहा ते आठ व्यायाम निवडावेत: लेग प्रेस किंवा स्क्वॉट, पाय दुमडण्याचा लेग कर्ल, छातीसाठी प्रेस, पाठीसाठी रोइंग आणि लॅट पुलडाउन, खांद्यांसाठी ओव्हरहेड प्रेस, पोटऱ्यांसाठी काफ रेझ. प्रत्येक मोठ्या व्यायामापूर्वी मुख्य वजनाच्या साधारण ५० आणि ७५ टक्के वजनाने दोन छोटे वॉर्मअप सेट करावेत आणि मग ८ ते १२ रेपचा एकच मुख्य सेट घ्यावा. वजन झटक्याने उचलू नये आणि खाली आणताना तीन-चार सेकंद लावावेत. हा सेट फेल्युअरपर्यंत न्यायचा असतो: योग्य पद्धतीने पुढचा रेप पूर्ण होतच नाही, तो क्षण म्हणजे फेल्युअर. कंबर उचलून किंवा अंग झोकून काढलेला रेप त्यात धरायचा नाही.

प्रत्येक व्यायामात या क्षणापर्यंत जाणे मात्र शहाणपणाचे नाही. यंत्रावर ते सुरक्षित असते. बारबेलच्या स्क्वॉटला आणि बेंच प्रेसला रॅकचे सेफ्टी बार लावलेले असावेत किंवा सोबत जाणकार साथीदार असावा, आणि डेडलिफ्ट तर कंबर गोल होऊ लागण्यापूर्वीच थांबवावी. जोर लावताना श्वास रोखून धरल्याने रक्तदाब एकदम चढतो. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा मार्ग धरू नये. नवख्यांनीही आधी काही महिने हालचाली पक्क्या कराव्यात.

वजन आणि रेप यांच्या नोंदीची वही ठेवणे येथे अनिवार्य आहे. १२ रेप नीट निघाले की पुढच्या वेळी हाता-छातीच्या व्यायामात सुमारे अडीच किलो, पायांच्या व्यायामात पाच किलो वाढवावेत. एखाद्या व्यायामाचे आकडे सलग तीन वेळा अडले, तर आधी झोप आणि आहार तपासावा आणि मग विश्रांतीचा एक दिवस वाढवून पाहावा. तेवढ्यानेही फरक पडला नाही, तर त्या व्यायामाला दुसरा मुख्य सेट जोडण्यात कमीपणा नाही. ताकद एका सेटनेही चांगली वाढते, पण स्नायूंचा आकार सरासरीने अधिक सेटमुळे अधिक वाढतो असेच संशोधन सांगते. केवळ आकारच हवा असेल आणि वेळ भरपूर असेल, तर ही पद्धत सर्वोत्तम आहे असा दावा करता येणार नाही.

खरा त्रास सुट्टीच्या दिवशी होतो. जोर-बैठकांच्या संख्येवरून मेहनत मोजणाऱ्या तालमीच्या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना दोन दिवस घरी बसणे आळसासारखे वाटते. त्यातच स्नायूंची नेहमीची फुगवट कमी झाल्याने शरीर उतरल्याचा भास होतो. अशा वेळी चालायला जावे, पण गुपचूप बायसेप्सचे चार सेट मारू नयेत. निर्णय आरशावरून न घेता किमान आठ आठवड्यांनंतर वहीतील आकड्यांवरून घ्यावा.