थॅलॅमसमधला स्पर्शाचा नकाशा: या चुका टाळा

थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेला, संवेदना पुढे पोचवणारा भाग. त्यात शरीराचा कोणता भाग कुठे नोंदला जातो याची आकृती काढायला सांगितली की बहुतेक विद्यार्थी कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचा, ओळखीचा नकाशा लहान करून आत बसवतात. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. कॉर्टेक्समध्ये पाय मध्यरेषेजवळ, दोन अर्धगोलांमधल्या फटीत असतो आणि चेहरा खाली, बाहेरच्या अंगाला. थॅलॅमसमध्ये हा क्रम उलटा आहे. चेहरा आत मध्यरेषेकडे, त्याच्या बाहेर हात आणि सर्वांत बाहेर पाय.

नावं नीट वाचली तर पाठांतराची गरज पडत नाही. व्हेंट्रल पोस्टेरिअर मेडियल म्हणजे व्हीपीएम हे आतलं केंद्रक (चेतापेशींचा गट), त्यात चेहरा आणि तोंड. व्हेंट्रल पोस्टेरिअर लॅटरल म्हणजे व्हीपीएल हे बाहेरचं, त्यात हात, धड आणि पाय. या दोहोंच्या सीमेवर तोंड आणि हात शेजारी येतात. म्हणूनच तिथे छोटासा स्ट्रोक झाला तर विरुद्ध बाजूचा ओठांचा कोपरा आणि त्याच बाजूचा हात एकदम बधिर होऊ शकतो. शरीरावर हे दोन भाग इतके लांब, मग तक्रार एकत्र कशी, हा प्रश्न नकाशा पाहिला की सुटतो. वर्गात मी हे उदाहरण आधी सांगते आणि केंद्रकांची नावं नंतर.

दुसरी चूक म्हणजे एका प्राण्याचं चित्र दुसऱ्यावर चिकटवणं. प्राणी ज्या अवयवाने जग चाचपतो, त्याला नकाशात जास्त जागा मिळते. रकूनमध्ये पुढच्या पंजाचा भाग प्रचंड मोठा असतो. माकडात आणि माणसात बोटं आणि ओठ जागा व्यापतात. उंदरात मिशा. 1970 मध्ये थॉमस वूल्सी आणि हेन्ड्रिक व्हान डेर लोस यांनी उंदराच्या कॉर्टेक्समध्ये प्रत्येक मोठ्या मिशीमागे पेशींचा एक 'बॅरल' असल्याचं दाखवलं. त्याचंच प्रतिबिंब व्हीपीएममध्ये आहे आणि त्या गटांना 'बॅरेलॉइड' म्हणतात. मेंदूच्या खोडात म्हणजे ब्रेनस्टेममध्येही अशीच रांग असते, 'बॅरेलेट'. एकेका मिशीची ओळख तीन टप्पे ओलांडूनही पुसली जात नाही, हे मला आजही थक्क करतं. पण माणसाच्या व्हीपीएममध्ये बॅरेलॉइड शोधू नका.

उंदराच्या थॅलॅमसचे काप घेतले, सायटोक्रोम ऑक्सिडेज हे पेशींमधलं एन्झाइम दाखवणाऱ्या रंगाने रंगवले आणि तरी बॅरेलॉइड दिसले नाहीत, तर रंगाला दोष देण्याआधी कापाचा कोन तपासा. बॅरेलॉइड हे वाकलेल्या लांबट कांड्यांसारखे असतात. नेहमीच्या सरळ आडव्या-उभ्या कापात ते तिरके कापले जातात आणि एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. काप तिरका घेतला की मिशांच्या रांगा उमटतात.

व्हीपीएमच्या शेजारी पोस्टेरिअर मेडियल म्हणजे पीओएम हे केंद्रक आहे आणि कित्येकजण दोन्ही एकाच कामाची मानून मोकळे होतात. व्हीपीएममधली पेशी मुख्यतः एका मिशीला उत्तर देते. पीओएममधली अनेक मिशांना, आणि तिला जोरदार संदेश कॉर्टेक्सच्या पाचव्या थरातूनही येतात. म्हणजे पीओएम बऱ्याच अंशी कॉर्टेक्सचंच म्हणणं दुसऱ्या भागांकडे नेतं. व्हीपीएमलाही नुसतं 'रिले स्टेशन', म्हणजे आलेला संदेश पुढे पाठवणारं ठिकाण, म्हणणं अपुरं आहे. त्याच्याकडे येणाऱ्या जोडण्यांपैकी मोठा हिस्सा कॉर्टेक्सच्या सहाव्या थराचा असतो, त्वचेकडून आलेल्या जोडण्या संख्येने थोड्या पण ताकदीने भारी.

दडपणाऱ्या, म्हणजे इतर पेशींचं काम रोखणाऱ्या, पेशींबद्दलही गोंधळ होतो. मांजर आणि माकडाच्या या केंद्रकांत स्वतःच्या अशा पेशी बऱ्याच असतात, उंदरात जवळजवळ नाहीत. उंदरात ब्रेक लावण्याचं काम मुख्यतः बाहेरून वेढणारं रेटिक्युलर केंद्रक करतं. तेव्हा उंदराच्या व्हीपीएमचं सर्किट काढताना आत लहान दडपणाऱ्या पेशी रेखाटू नका. त्या रेटिक्युलर केंद्रकात काढा आणि त्यांचे तंतू आत आणा.