मत देण्याआधी: ख्रिस्ती कुटुंबाने उमेदवार कसा पारखावा

उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की रिंगणात कोण राहिले हे पक्के होते, आणि आपली तयारी त्याच दिवशी सुरू व्हावी. त्यानंतर प्रचाराचे जेमतेम दोन आठवडे हाती उरतात आणि भोंग्यांच्या गोंगाटात शांतपणे विचार करणे कठीण जाते. म्हणून पहिल्याच संध्याकाळी घरातल्या सर्व मतदारांनी एकत्र बसून प्रार्थना करावी, बायबलमधील निर्गम या पुस्तकाचा १८ वा अध्याय वाचावा आणि एक कोरा कागद पुढे घ्यावा. लोकांवर अधिकारी म्हणून कोणाला नेमावे हे त्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सांगतो: माणसे कर्तबगार असावीत, देवाचे भय बाळगणारी असावीत, सत्याला धरून चालणारी असावीत आणि त्यांना लाचेचा तिटकारा असावा. मी कागदावर यातला शेवटचा गुण सर्वांत वर लिहिते, कारण देवाचे भय कोणाच्या अंतःकरणात किती आहे हे आपल्याला दिसत नाही, पैशाचा व्यवहार मात्र बऱ्याच अंशी कागदावर उमटतो.

हा व्यवहार उमटतो तो कागद म्हणजे उमेदवाराचे शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे मतदाराला उमेदवाराची माहिती जाणून घेण्याचा हक्क मिळाला आणि आज लोकसभा व विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये आपली माहिती शपथेवर द्यावी लागते. ही शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. वाचताना एकूण मालमत्तेच्या आकड्यावर थांबू नये. प्रलंबित गुन्ह्यांच्या रकान्यात कोणती कलमे लावली आहेत आणि दोषारोप निश्चित झाले आहेत की नाहीत ते पाहावे. मोर्चात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा किंवा स्त्रीवरील अत्याचाराचा गुन्हा यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. त्यानंतर गेल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांत दाखवलेले उत्पन्न आणि स्वतःच्या व पती किंवा पत्नीच्या नावावरील जमीन, सदनिका व दागिने शेजारी शेजारी ठेवून वाचावे. उमेदवार पूर्वी निवडून आलेला असेल तर मागच्या वेळचे शपथपत्रही काढावे. पाच वर्षांत घर कसे वाढले, हे दोन्ही कागद समोरासमोर ठेवल्यावर जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही भाषणातून कळत नाही.

मागच्या एका निवडणुकीत आमच्या उपासनेनंतर एका उमेदवाराची माणसे टेम्पो घेऊन आली आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सभागृहासाठी पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवू लागली. खुर्च्यांची गरज खरीच होती. आमच्या म्हाताऱ्या आया-बाया मोडक्या बाकांवर बसत होत्या. तरीही मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने दारातच नम्रपणे नकार दिला आणि टेम्पो परत गेला. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात लाच शहाण्यांचेही डोळे आंधळे करते असे बजावले आहे, आणि त्या खुर्च्यांवर बसून आम्ही त्या माणसाचे शपथपत्र डोळसपणे वाचू शकलो नसतो. असा प्रसंग आपल्या मंडळीवर येईल हे गृहीत धरून काय उत्तर द्यायचे ते आधीच ठरवून ठेवावे.

यापुढचे काम सर्वांत जास्त वेळ घेते आणि नेमके तेच बहुतेक घरांत राहून जाते. आपल्याला प्रिय असलेली मूल्ये कोणत्या सभागृहाच्या हातात आहेत हे समजून मगच उमेदवाराला प्रश्न विचारावेत. गर्भातील जीव देवाने दिलेला आहे असे आपण मानतो. पण गर्भपाताचा कायदा १९७१ साली संसदेने केला आणि २०२१ साली काही प्रवर्गांतील स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर तिनेच नेली, म्हणून हा प्रश्न खासदारकीच्या उमेदवाराला विचारावा. विवाहाच्या व्याख्येबाबतही तेच, कारण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता न देता तो विषय संसदेचा ठरवला. आमच्या मराठी मंडळ्यांच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न जिव्हाळ्याचा आहे: १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो आणि बाप्तिस्मा घेतलेला दलित त्याला मुकतो. खासदारकीचा उमेदवार याबद्दल काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

आमदारकीच्या उमेदवाराला धर्मांतरविषयक कायद्यांबद्दल विचारावे, आणि राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने दिलेले धर्माचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य त्याला मान्य आहे का, हे स्पष्ट विचारावे. दारूची दुकाने आणि अनुदानित अल्पसंख्याक शाळा हेही त्याच्याच वाट्याचे विषय आहेत. वस्तीतल्या बायका दुकान बंद करण्यासाठी मतदान मागायला उभ्या राहिल्या, तर तो त्यांच्या बाजूने उभा राहील का? नगरसेवकपदाच्या उमेदवाराशी मात्र दफनभूमीतली जागा, महापालिकेची शाळा आणि रुग्णालय यांविषयीच बोलावे. मुंबईच्या २२७ प्रभागांपैकी कोणत्याही प्रभागाचा नगरसेवक विवाहाचा कायदा बदलू शकत नाही, आणि तसे आश्वासन तो देत असेल तर सत्यप्रिय या गुणापुढे फुली मारावी.

नाव ख्रिस्ती आहे एवढ्यावरून कोणाला मत देऊ नये. मंडळीत वर्षातून एकदा नाताळला दिसणाऱ्या आपल्या माणसापेक्षा घर सचोटीने चालवणारा, विधवेचे काम पैसे न घेता करून देणारा अन्य धर्मीय शेजारी इथ्रोच्या मापाला अधिक जवळचा असू शकतो. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी धर्माच्या नावावर मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार आहे, आणि मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही त्यात येते, हा २ जानेवारी २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींचा निकाल मुंबईच्याच सांताक्रूझ मतदारसंघातून निघालेल्या वादावर लागला. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून मूल्ये शिकवावीत, पक्षाचे नाव घेऊ नये. प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेलाही मान्य नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री कागद पुन्हा काढावा, पहिले तीमथ्य २ मध्ये सांगितल्याप्रमाणे सर्व अधिकाऱ्यांसाठी, आपल्याला न पटणाऱ्यांसाठीही, प्रार्थना करावी आणि घरातल्या प्रत्येकाने आपला निर्णय स्वतः घ्यावा. नवऱ्याने बायकोचे किंवा आईने मुलाचे मत ठरवू नये. मतदान ओळखपत्र उशाशी ठेवावे. उमेदवारांची उत्तरे लिहिलेला तो कागद निकालानंतर फाडू नये, मंडळीच्या सचिवांकडे द्यावा; पुढच्या पावसाळ्याआधी दफनभूमीच्या भिंतीसाठी निवडून आलेल्या माणसाच्या कार्यालयात जायचे आहे आणि तेव्हा तो बरोबर न्यायचा आहे.