वाचनालयांचं जाळं वाढवताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात कराडचा एक विद्यार्थी ‘ययाति’ची जुनी आवृत्ती शोधत आमच्या वाचनालयात आला. आमच्याकडे ती नव्हती. मग सातारा-सांगलीतल्या ज्या वाचनालयांशी आम्ही पुस्तकांची देवघेव करतो, त्यांच्या एकत्रित यादीत शोधलं. शून्य नोंदी. पोरगा छत्री उघडून निघून गेला. संध्याकाळी सहज चाळताना कळलं की चार ठिकाणी ते पुस्तक होतं. मी ‘ययाती’ टाइप केलं होतं आणि नोंदी होत्या ‘ययाति’ अशा. खांडेकरांचा जन्म सांगलीतला, आणि त्यांचंच पुस्तक आमच्या यादीला सापडेना!

तेव्हापासून कुणी ‘आपणही राज्यभराचं जाळं करू या’ म्हणालं, की मी आधी त्यांची यादी बघायला मागतो. सॉफ्टवेअर कुठलं, सर्व्हर कुठे, उद्घाटनाला कोण, हे नंतरचं.

यादी शोधते, पण पुस्तक सापडत नाही

नव्वद टक्के तक्रारींचं मूळ इथे असतं, असं माझं मत आहे. (मोजलेलं नाही, टेबलावर बसून बनलेलं मत आहे.) जुन्या पुस्तकावर शेवटची वेलांटी ऱ्हस्व असते, आजच्या नियमांनी ती दीर्घ झाली. नोंद करताना शीर्षक पुस्तकावर जसं छापलंय तसंच घ्या. स्वतःच्या हातांनी शुद्धलेखन सुधारू नका. त्याखाली पर्यायी शीर्षकाचा रकाना असतो, त्यात आजचं लेखन टाका. ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे हा रकाना तयारच असतो, पण बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो.

दुसरा घोळ डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतं: एकसंध ‘ॲ’, किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती निराळी. आमच्याकडे एका चरित्राच्या नायकाच्या नावामागे ‘ॲड.’ होतं, तर त्याच पुस्तकाच्या दोन नोंदी वर्षभर एकमेकींना ओळखतच नव्हत्या. वर्षाचे अंक कुणी देवनागरीत टाकतं, कुणी इंग्रजीत, तिथेही हेच. उपाय साधा आहे: सगळ्यांनी इनस्क्रिप्ट कळफलक घ्यायचा, अंकांची एकच पद्धत ठरवायची, आणि जुन्या नोंदींत एकदाच शोधून बदलून टाकायचं.

ज्यांची यादी दहा-पंधरा वर्षांपूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये झाली, त्यांनी ती तशीच्या तशी पाठवू नये. फाँट बदलला की तिचा चिखल होतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या लिपीत, रूपांतर करा, पन्नास नोंदी पाठवून पाहा, जोडाक्षरं आणि रफार नीट आलेत का ते कागदावर छापून तपासा. मग बाकीची.

लेखकाचं नाव ‘वि. स.’, ‘वि.स.’ की ‘विष्णु सखाराम’, यावर बैठकीत भांडण होतं. होऊ द्या. एकदाच होतं. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मध्ये एक जागा, असं ठरवून टाका.

आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकावर, मात्र आंधळा भरवसा नको. २००७ पासून तो तेरा अंकी झाला, त्याआधी दहा अंकी होता, आणि आपल्या कपाटातल्या कितीतरी मराठी पुस्तकांवर तो मुळातच नाही. जुन्या पुस्तकांची जुळणी लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या बघूनच करावी लागते. पृष्ठसंख्येचा कंटाळा करू नका. एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्या त्यावरूनच पटकन वेगळ्या कळतात.

सगळ्यांचाच दाखल क्रमांक एक

आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक देणारी नोंदवही प्रत्येक वाचनालयात १ पासून सुरू होते. आठ वाचनालयांच्या याद्या एकत्र केल्या की ४२१७ क्रमांकाची आठ पुस्तकं तयार. कोहा तोच बारकोड दुसऱ्यांदा घेत नाही. एक्सेलमध्ये करणाऱ्यांची नोंद मात्र गुपचूप एकमेकींवर चढते. आमच्याकडे एका कवितासंग्रहाच्या जागी शेतीचं पुस्तक आलं ते असंच. क्रमांकाआधी गावाची दोन अक्षरं लावा. वहीतला जुना क्रमांक बदलायचा नाही, तो तपासणीला लागतो.

तीन जणांचा कारभार तीस जणांना पुरत नाही

आम्ही सुरुवातीला तिघंच होतो. फोन करायचा, ‘भाऊ, अमुक पुस्तक आहे का हो?’ आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीतून ते यायचं. नियम लागतच नव्हते. आकडा वाढला आणि तोंडी कारभार फिसकटला. किती दिवस ठेवायचं, हरवलं तर कुणी भरायचं, टपालखर्च कुणाचा, हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळं होतं. लेखी करार एका पानाचा असू द्या, पण असू द्या.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९८७ साली एका समितीने सुचवलं, की विद्यापीठांनी पुस्तकं ठेवायला इमारतींवर इमारती बांधत बसण्यापेक्षा जुना साठा दूरच्या गोदामात ठेवावा आणि सगळ्यांची यादी एक करावी. त्यातूनच पुढे ‘ओहायोलिंक’ ही राज्यभरातल्या ग्रंथालयांची जोडणी उभी राहिली. आपल्याकडे १९८८ साली दिल्लीतल्या ग्रंथालयांपासून सुरू झालेलं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं देशभर पोचलं. दोन्हीकडे पाया सामायिक यादीचाच.

वाढीबरोबर आणखी एक रुसवा येतो. साताऱ्याचं नगर वाचनालय १८५२चं, सांगलीचं १८६९चं. अशा जुन्या, भरलेल्या संस्थांकडेच सगळ्यांची मागणी धावते. देणारा कायम देतच राहतो आणि वर्षभरात कंटाळतो. त्याचे स्वतःचे वर्गणीदार ‘आमचं पुस्तक बाहेरगावी का?’ म्हणून काउंटरवर वाद घालतात. म्हणून मागणी आधी जवळच्या छोट्या वाचनालयाकडे, मग ज्याने या महिन्यात कमी दिलंय त्याच्याकडे, आणि मोठ्याकडे शेवटी, असा क्रम बांधून घ्या. संदर्भग्रंथ आणि मोडकळीला आलेली पुस्तकं यातून वगळा.

‘तपासणीला पुस्तक कपाटात नसलं तर?’

हा प्रश्न बैठकीत कुणी मोठ्याने विचारत नाही, पण नकाराचं खरं कारण बहुधा हेच. महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि अनुदान वर्गाप्रमाणे ठरतं. सरकारी तपासणीत पुस्तकांची संख्या घटलेली दिसायला नको म्हणून कार्यवाह धास्तावतात. त्यांना हसू नका. त्यांच्यासाठी दोन गोष्टी करा: बाहेर गेलेल्या पुस्तकाच्या जागी पुठ्ठ्याची पाटी लावा, तिच्यावर क्रमांक, कुठे गेलं आणि तारीख लिहा, आणि आंतरग्रंथालयीन देवघेवीची वेगळी वही ठेवा, समोरच्या ग्रंथपालाच्या सहीसह. पाटी आणि वही दोन्ही दाखवल्यावर आमच्याकडे तरी कधी प्रश्न आला नाही.

पीडीएफ पाठवून मोकळे होणं

मोबाइलवर अख्खं पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअॅपवर धाडणं म्हणजे देवघेव नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्याच वापरासाठी, तीनपर्यंत प्रती काढायची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला कायदा देतो. ती मुभा ग्रुपवर वाटण्यासाठी नाही.

यादीची एकच प्रत, तीही तळमजल्यावर

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा वाचनालयातली पुस्तकं भिजली. कागद फुगून एकमेकांना चिकटला की पानं सुटी करता येत नाहीत. पुस्तकाचं एक वेळ नशीब म्हणू, पण कुठली पुस्तकं होती याची यादीही त्याच खोलीतल्या संगणकात असेल तर भरपाईसाठी काय दाखवणार? सांगलीच्या यादीची प्रत साताऱ्यात, साताऱ्याची सांगलीत, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. शिवाय सहा महिन्यांतून एकदा ती प्रत खरंच उघडून बघा. आमची एक पेनड्राइव्ह दीड वर्ष रिकामीच निघाली होती.

पुस्तक निघालं, पोचलं नाही

एसटीतून ओळखीच्या कंडक्टरकडे पुस्तक देण्याची सवय सोडा. कंडक्टर भला असतो, पण ड्यूटी बदलते. पार्सलची पावती घ्या. टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा मे २०२५ पासून आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, आणि पाकीट कुठे पोचलं ते कळतं. तीन-चार मागण्या साठवून एकत्र पाठवल्या तर परवडतं. पावसाळ्यात पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जाड कागदात. स्टेपलर नको, उघडताना मुखपृष्ठ फाटतं. आत एक चिठ्ठी: परतीची तारीख, आणि पुस्तक पाठवलं तेव्हा कुठलं पान आधीच सैल होतं ते.