घर भाड्याने देण्यापूर्वीची तयारी: एजंट असो वा नसो, मीटरचे रीडिंग लिहून घ्या

बेळगावात घर भाड्याने द्यायचे ठरले की एजंट गाठायचा की स्वतःच दारावर पाटी लावायची, यावर घरात आठवडाभर चर्चा चालते. त्याआधी एक गोष्ट ठरवावी. भाडेकरू घरात येईल त्या दिवशी आणि घर सोडेल त्या दिवशी विजेच्या मीटरसमोर कोण उभे राहणार, त्या माणसाचे नाव आधी कागदावर लिहावे. मागच्या वेळी आमच्याकडे बाकीची सगळी कामे वेळेवर झाली होती. मीटरचे रीडिंग मात्र एजंट घेईल असे मी धरले, मालक घेतील असे एजंटाने धरले, आणि ते कोणीच घेतले नाही. ही यादी त्यातूनच लिहिली आहे. मीटरचा विषय तीत वारंवार येईल, तो वाचकाने चालवून घ्यावा.

एजंट हवा की नको, हे घर कोठे आहे आणि आपण कोठे राहतो यावर ठरवावे. नेहरूनगरात वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयाच्या परिसरात, उद्यमबागेत अभियांत्रिकी महाविद्यालयाजवळ किंवा मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या बाजूला घर असेल, तर विचारणा घरापर्यंत चालत येते आणि तेथे दलाली देण्याचे कारण मला दिसत नाही. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर येथील कुटुंबासाठीचे घरही ओळखीतून जाऊ शकते, फक्त धीर धरावा लागतो. मात्र धीराचीही किंमत असते आणि तो हिशेब आधी मांडावा. १२,००० रुपये भाड्याच्या घरासाठी एजंटाने एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतले, तर ११ महिन्यांच्या १,३२,००० रुपयांतले सुमारे ९ टक्के गेले. पण दलाली वाचवण्याच्या नादात घर एक महिना जास्त रिकामे राहिले, तर तेवढेच १२,००० रुपये तसेही गेले. आपण शहरातच राहत असू, तर भाडेकरू शोधण्यापुरती एजंटाची मदत घ्यावी आणि पुढचा कारभार स्वतःकडे ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुणे, बेंगळुरू किंवा आखातात राहणाऱ्यांना मात्र गावात कोणीतरी जबाबदार माणूस नेमावाच लागतो, मग तो पैसे घेणारा असो वा नात्यातला.

एजंट घेतला तर त्याचे काम लेखी ठरवावे. भाडेकरू आणून देणे आणि घर सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्याचे पैसे घेतलेला माणूस दुसरेही करील हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. २०१६ च्या रेरा कायद्यातली, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्यातली, एजंटांची नोंदणी ही प्रकल्पातील सदनिका व भूखंडांच्या विक्रीसाठी आहे. केवळ भाड्याचे व्यवहार करणाऱ्याला ती लागत नाही, त्यामुळे नोंदणी क्रमांक पाहून निश्चिंत होण्याची सोय येथे नाही. दलाली किती, ती एकाच बाजूकडून की दोन्हीकडून, करार पुढे वाढवताना पुन्हा द्यायची की नाही, भाडेकरू दोन महिन्यांत निघून गेला तर काय, आणि मीटरचे रीडिंग कोण घेणार, हे सारे त्या कागदावर असावे.

अनामत रक्कम एजंटाच्या खात्यात कधीही जाऊ देऊ नये. ती भाडेकरूच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात यावी, भाडेही तसेच. कर्नाटकात मासिक भाड्याऐवजी मोठी एकरकमी रक्कम घेऊन घर लीजवर देण्याची पद्धत आहे, आणि मधल्या माणसाने मालकाला मासिक भाडे सांगून भाडेकरूकडून लीजची लाखोंची रक्कम उचलल्याच्या तक्रारी बेंगळुरूत पोलिसांपर्यंत गेल्या आहेत. म्हणून मालकाने भाडेकरूशी एकदा तरी स्वतः बोलावे. बाहेरगावच्या मालकाने मुखत्यारपत्र द्यायचेच असेल, तर ते त्या एका घरापुरते, भाडेकरार करण्यापुरते आणि मुदतीचे द्यावे. विक्रीचे किंवा गहाण ठेवण्याचे अधिकार त्यात ओघात येऊ देऊ नयेत.

घराच्या दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही. रंग, नळ, कुलपे सर्वांना सुचतात. शहापूर, वडगाव भागातले जुने कौलारू घर असेल तर कौले मे महिन्यातच चाळून घ्यावीत, कारण आपल्याकडचा पाऊस जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत छपरावर माणूस चढवता येत नाही. पाण्याबाबत खरे ते सांगावे. शहराच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे आणि काही भागांत आजही काही दिवसांआड येते. हे लपवले तर महिन्याभरात वाद ठरलेला आहे.

आता मीटर. हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीचे जोडणीपत्र किंवा अलीकडचे बिल काढून आर. आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक, पाहावा आणि तो खरोखर आपल्याच घराच्या मीटरचा आहे याची खात्री करावी, विशेषतः एका इमारतीत वर-खाली तीन-चार मीटर असतील तेव्हा. थकबाकी शून्य करावी. मग गृहज्योती योजनेकडे वळावे. २०२३ पासून घरगुती ग्राहकाला महिना २०० युनिटांच्या आत, मागील सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरलेल्या मर्यादेपर्यंत वीज मोफत आहे, आणि मीटर मालकाच्या नावे असले तरी भाडेकरू स्वतःचा आधार क्रमांक त्या मीटरला जोडून हा लाभ घेऊ शकतो. घर सोडताना ती जोडणी काढावी लागते. जुन्या भाडेकरूने ती काढली नाही, तर नव्याचा अर्ज अडतो आणि तो मालकाच्या दारात येतो. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे वापर २०० युनिटांच्या पलीकडे गेला की संपूर्ण वापराचे बिल येते. समजा, एकाच बिलाच्या काळात जुन्या भाडेकरूने १३० युनिट आणि नंतर आलेल्याने ९० युनिट वापरले, तर २२० युनिटांचे बिल येईल, आणि घर बदलले त्या दिवसाचे रीडिंग हाती नसेल तर कोणाचे किती हे कोणीही सांगू शकणार नाही. दोघेही प्रामाणिक असतील आणि तरीही दोघेही पैसे देणार नाहीत. मीटर मालकाच्या नावे असल्यामुळे मागणी मालकाकडेच येते. रीडिंग लिहून घ्या, तारीख घाला, फोटो काढा.

कराराच्या बाबतीत कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकांचे ऐकून चालू नये. महाराष्ट्रात निवासी घरासाठी सहसा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार होतो आणि तो कितीही थोड्या मुदतीचा असला तरी नोंदवावा लागतो. आपल्याकडे ई-स्टॅम्प कागदावर ११ महिन्यांचा भाडेकरार करण्याची रीत आहे, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. मजकूर बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत तयार मिळतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची सही असेल तर तो त्यांना मराठीत शब्दशः समजावून सांगावा. ‘नेहमीचाच कागद आहे’ असे सांगून सही घेणाऱ्याला थांबवावे, मग तो कितीही घाईत असो. घर सोडण्याच्या सूचनेची मुदत लिहावी. ती न लिहिल्यास महिन्यागणिक चालणाऱ्या भाडेकरारात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील १५ दिवस लागू होतात, आणि कुटुंबाला इतक्या अवधीत दुसरे घर मिळत नाही, मालकालाही दुसरा भाडेकरू मिळत नाही. घराचा वापर कशासाठी हेही लिहावे. वडगाव, खासबागेत राहण्यासाठी म्हणून घेतलेल्या घरात माग बसला, तर विजेचा घरगुती दर लावून घेणे हा नियमभंग ठरतो. कराराच्या शेवटी प्रवेशाच्या दिवशीचे मीटर रीडिंग लिहिण्यासाठी एक मोकळी ओळ ठेवावी आणि ती भरल्याशिवाय किल्ली देऊ नये.

ओळखपत्र, कामाचे किंवा महाविद्यालयाचे ठिकाण आणि गावाकडचा पत्ता घेऊन पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. हे काम एजंटावर सोपवले तरी पोचपावती आपल्या हाती असावी. बेळगावात मलेशियासारख्या देशांतून वैद्यकीय शिक्षणासाठी विद्यार्थी आलेले आहेत. परदेशी नागरिकाला घर दिल्यास २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे घर देणाऱ्यावर बंधनकारक आहे. एजंटाने हे केले नाही तरी जबाबदारी आपलीच राहते.

किल्ली देण्याच्या दिवशी भाडेकरूसह प्रत्येक खोलीतून फिरावे. भिंती, फरशी, पंखे, गिझर, नळ आणि परड्यातील पंप यांचे फोटो काढून त्याच जागी दोघांच्या मोबाइलवर पाठवावेत. किल्ल्या किती दिल्या ते लिहावे. मग मीटरसमोर जाऊन आकडा, तारीख आणि मीटरचा क्रमांक एकाच फोटोत येईल असे पाहावे, तो आकडा करारातल्या मोकळ्या ओळीत लिहावा आणि खाली दोघांनी सही करावी. पाण्याला मीटर असेल तर त्याचेही असेच. आपण गावात नसाल तर ज्याचे नाव सुरुवातीला लिहिले त्याने हे करावे, आणि तो फोटो येईपर्यंत एजंटाची दलाली रोखून ठेवावी. हे कठोर वाटेल, पण एकदा पैसे हाती पडल्यावर एजंट मीटर पाहायला परत येत नाही.

पुढचे थोडक्यात. भाडे बँकेतून घ्यावे, रोख घेतल्यास पावती द्यावी. घरपट्टी स्वतः भरावी. एप्रिलमध्ये भरल्यास ५ टक्के सूट मिळते, आणि मालकाने प्रत्यक्ष भरलेलीच घरपट्टी प्राप्तिकरात भाड्यातून वजा होते. उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट असते, दलाली किंवा दुरुस्ती वेगळी दाखवता येत नाही, म्हणून एजंटाचा खर्च करात निघेल या समजुतीत राहू नये. मालक अनिवासी भारतीय असल्यास भाडेकरूला कर कापून भरावा लागतो, हे करारातच सांगावे. करार संपण्याच्या दोन महिने आधी पुढचे बोलावे.

घर सोडताना: किल्ल्या, फोटोंशी ताळा, मीटरचे रीडिंग, त्या आकड्यापर्यंतचे बिल, गृहज्योतीची जोडणी काढल्याचा पुरावा, आणि त्यानंतरच अनामत परत. नवा भाडेकरू त्याच दिवशी येत असला तरी त्याच्यासाठी तोच आकडा पुन्हा लिहून त्याची वेगळी सही घ्यावी.