पाऊस, वारा आणि ऊन सोसणारे कुत्र्याचे दार कसे निवडावे

कुत्र्याला आपल्या सोयीने ये-जा करता यावी म्हणून दाराच्या खालच्या भागात किंवा भिंतीत बसवली जाणारी झडपेची छोटी दारे आता सातारा परिसरातील बंगल्यांत आणि शेतघरांतही दिसू लागली आहेत. यांपैकी पुष्कळशी दारे मुळात थंड प्रदेशांचा विचार करून घडवलेली असतात आणि त्यामुळे ती थंडी किती अडवतात, हेच विक्रेते प्रथम सांगतात. आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या घरात असतो. त्यामुळे पाचगणीतील घराला जे दार योग्य ठरेल, ते माणमधील म्हसवडच्या घराला योग्य ठरेलच असे नाही.

दाराच्या प्रकारापेक्षा त्याची जागा महत्त्वाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. या दिशांना तोंड करून बसवलेली झडप कितीही महाग असली तरी पावसाची झड आत आणणारच. म्हणून दार पूर्वेच्या किंवा ईशान्येच्या भिंतीत, शक्य असल्यास पडवीत किंवा छज्जाखाली घ्यावे आणि पागोळ्यांचे पाणी नेमके त्याच्यासमोर पडत नाही, याची खात्री करावी. दाराचा खालचा काठ बाहेरच्या फरशीपासून पंधरा ते वीस सेंटिमीटर वर ठेवला, तर उडणारे शिंतोडे बरेचसे बाहेरच राहतात. मात्र कुत्रे म्हातारे किंवा आखूड पायांचे असेल, तर आत-बाहेर दोन्हीकडे एकेक रुंद, न घसरणारी पायरी द्यावी लागते.

घाटमाथ्यावरील घरासाठी एकेरी मऊ झडप घेऊ नये. दोन झडपांमध्ये हवेची पोकळी राहणारी दुहेरी रचना घ्यावी, चौकटीच्या कडांना ब्रशची पट्टी असावी आणि झडपेच्या तळाला चुंबक असावे. चुंबक निवडताना तारतम्य लागते. ते दुबळे असेल तर झडप रात्रभर आपटत राहते आणि फार जोरदार असेल तर लहान कुत्रे ती ढकलायलाच कचरते. चौकट ॲल्युमिनियमची किंवा चांगल्या प्लास्टिकची घ्यावी आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत, कारण साधे स्क्रू तिथल्या दमट हवेत लवकर गंजतात. गळ्यातील टॅग ओळखून उघडणारी इलेक्ट्रॉनिक दारे भटकी कुत्री आणि मांजरे बाहेर ठेवतात, हे खरे. पण चार महिने धुक्यात राहणाऱ्या घरासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

माण, खटाव किंवा सांगलीकडील जत, आटपाडी भागात पाण्याऐवजी ऊन आणि धूळ यांचा विचार करावा. उन्हाने मऊ पीव्हीसी झडप कडक होते, कडेला वळते आणि मग चौकटीत नीट बसत नाही. म्हणून तेथे पॉलिकार्बोनेटची ताठ झडप बरी. पश्चिमेकडील गडद रंगाची धातूची चौकट दुपारी चटका देण्याइतकी तापते. घरात पाण्याचा कूलर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो, तेव्हा ती हवा बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी नसली तर झडप बाहेरच्या बाजूला फुगून उघडीच राहते.

माप घेताना कुत्र्याला भिंतीलगत उभे करून खांद्याच्या सर्वांत उंच भागावर पट्टी आडवी धरावी आणि भिंतीवर खूण करावी. झडपेचा वरचा काठ या खुणेपेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर वर यावा, खालचा काठ पोटाच्या रेषेच्या खाली असावा आणि रुंदी शरीराच्या सर्वांत रुंद भागाहून पाच सेंटिमीटर अधिक असावी. लॅब्रेडॉर नर खांद्याशी साधारण ५५ ते ५७ सेंटिमीटर भरतो. कारवानी कुत्रे त्याहून उंच, पण अंगाने सडपातळ असते, त्यामुळे त्याला उंच आणि अरुंद दार लागते. खर्च करण्यापूर्वी जाड पुठ्ठ्यात त्याच मापाचे भोक पाडून पलीकडे भाकरीचा तुकडा धरावा. कुत्रे पाठ न घासता पार झाले, तर माप बरोबर आहे.

सुरक्षेच्या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. कोयना आणि चांदोलीच्या जंगलांलगतच्या गावांत, तसेच कराड आणि शिराळा भागातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो आणि कुत्रे हे त्याचे ठरलेले भक्ष्य आहे. अशा ठिकाणी दिवस मावळण्यापूर्वी कुत्रे आत घेऊन छोट्या दारावर आतून जाड प्लायवुडची किंवा पत्र्याची फळी सरकवावी आणि तिला कडी घालावी. दाराबरोबर मिळणारी पातळ प्लास्टिकची फळी याला पुरेशी नाही. महाबळेश्वर-पाचगणीत माकडे दिवसाही झडप उचलून सरळ स्वयंपाकघर गाठतात, त्यामुळे घरात कोणी नसताना ही फळी लावलेलीच असावी. कुत्र्याचे खाणे दारापाशी ठेवू नये. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग, घोणस. मोठ्या दाराची कडी झडपेतून हात घातल्यास हाताला लागू नये, इतक्या अंतरावर हवी.

हे काम शक्यतो पावसाळ्यापूर्वी उरकावे, पण तेव्हा लाकूड सुकलेले असते, याचे भान सुताराने ठेवायला हवे. पावसात ते फुगते, म्हणून चौकटीभोवती बारीकशी फट सोडून ती सिलिकॉनने भरावी. फ्लश डोअर कापल्यास आतला उघडा पडलेला गाभा प्रायमर आणि रंगाने पूर्ण बंद करावा, नाहीतर पाणी शोषून प्लायचे थर सुटतात. विटांच्या किंवा जांभ्याच्या भिंतीत दार काढायचे असेल, तर गवंड्याकडून वर छोटा लिंटेल (वरचा भार पेलणारी आडवी पट्टी) टाकून घ्यावा आणि भिंतीच्या जाडीमुळे तयार होणाऱ्या बोगद्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. काम झाल्यावर बाहेरून पाइपने पाणी मारून पाहावे आणि वाऱ्याच्या दिवशी आत कडांजवळ पेटती उदबत्ती फिरवावी. धूर जिथे झपकन वळेल, तिथे ब्रशची पट्टी कमी पडते आहे, असे समजून ती तेवढ्या भागात बदलून घ्यावी.