चार फुटी टँकमध्ये टँग: या चुका टाळा

मंडईत बांगडा घेताना आपण कल्ले उचलून बघतो, पोट दाबून बघतो, कोळणीशी दोन शब्द वाजवतो. तेच आपण ॲक्वेरियमच्या दुकानात शिरलो की रंग बघून विरघळतो. मीही विरघळलो होतो. मुलाला सिनेमातली ‘डोरी’ हवी होती, म्हणजे निळा टँग. (टँग हे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळायचे रंगीत समुद्री मासे.) दुकानदाराने रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा निळा टँग दाखवला आणि म्हणाला, “साहेब, टँकच्या हिशेबानेच वाढतो.” हे वाक्य कानावर पडलं की सरळ बाहेर पडा. निळा टँग समुद्रात ३० सेंमीपर्यंत जातो. लहान टँकमध्ये तो तेवढा झाला नाही, तर त्याला हिशेब नाही, खुंटणं म्हणतात.

दुसरी चूक लिटर मोजण्याची. मुंबईच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर जागा नसते, म्हणून आपण टँक उंच करून घेतो आणि “साडेतीनशे लिटर आहे” असं सांगत फिरतो. टँग पापलेटासारखा चपटा असला तरी एका जागी बसणारा नाही. दिवसभर खडकाच्या कडेकडेने येरझाऱ्या घालणारा आहे. त्याला लांबी लागते, उंची त्याच्या काही कामाची नाही. ४ × १.५ × २ फुटांच्या (लांबी × रुंदी × उंची) टँकमध्ये काठोकाठ ३४० लिटर पाणी मावतं, पण पोहायला मिळतात ते चारच फूट, त्यातही मधे खडक. टँकची ऑर्डर अजून दिली नसेल तर उंचीचे पैसे रुंदीत घाला. ४ × २ × २ ला ४५० लिटर होतात, म्हणजे काच, स्टँड, खडक धरून सहाशे किलोंच्या पुढे. जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी इंजिनिअरला विचारा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारू नका, त्या नाहीच म्हणतील.

मग चार फुटांत घ्यायचा कोणता? माझं मत स्पष्ट आहे: टोमिनी किंवा कोले, हे टँगचे लहान प्रकार. टोमिनी १५ सेंमीच्या आसपास थांबतो, कोले १८ च्या. दोघांचे दात ब्रशसारखे. काचेवरचा, खडकावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खातात. पिवळा आणि स्कोपस २० सेंमीपर्यंत जातात. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद टँक असेल तर चालतील. सेलफिन (४० सेंमी), नासो (४५ सेंमी) आणि क्लाउन टँग यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. क्लाउन तर मोठा असून वर गुंडही आहे.

पावडर ब्लूचा मोह सर्वात वाईट. हिंद महासागरातला मासा, त्यामुळे आपल्याकडे दिसतो, आणि दिसतो असा की खिशात हात जातोच. पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याच्याइतका क्वचितच कुणाला पटकन लागतो.

पिवळ्याची गंमत वेगळी. तो मुख्यतः हवाईचा; तिथली पकड थांबल्यावर महागला. हवाईतल्या ओशिॲनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये तो बंदिस्त पाण्यात वाढवून दाखवला. महाग झाला म्हणून कुणी ‘यलो टँग’ स्वस्तात देत असेल तर तोंड बघा. खऱ्या पिवळ्याचं तोंड सोंडेसारखं पुढे आलेलं असतं. ओठ जाड आणि तोंड बोथट असेल, तर तो कोलेच्या हिंदी महासागरी भावाचं पिल्लू असू शकतो. मोठेपणी तपकिरी होतो. फसवणूक खरीच, पण चार फुटी टँकला तोच जास्त सोयीचा!

दुकानात मासा बाजूने नाही, समोरून बघा. पोट आत गेलेलं, डोळ्यांमागे खड्डा पडलेला नको. समोर खायला घालायला सांगा. न खाणारा टँग घेऊ नका. आगाऊ पैसे देऊन आठवडाभर तिथेच ठेवता आला तर उत्तम. घेताना जाळीने पकडू देऊ नका. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा काटा असतो, त्यावरूनच याला सर्जनफिश म्हणतात. तो जाळीत अडकतो. प्लॅस्टिकचा डबा बरा.

माझी खरी चूक याच्या पुढची. क्वारंटाइन न करता, म्हणजे आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवून न बघता, मासा थेट मोठ्या टँकमध्ये सोडला. दुसऱ्या दिवशी तो दोन खडकांच्या फटीत आडवा पडलेला. मेला समजून हात घातला, तर सुळकन पळाला. घाबरलेला निळा टँग असाच पडून राहतो, हे नंतर कळलं. पाचव्या दिवशी अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले. दोन दिवसांनी ते गेले, मी पेढे वाटायचाच बाकी होतो. पण हे ठिपके म्हणजे परजीवी. तो मासा सोडून वाळूत उतरतो, तिथे वाढतो आणि दसपट होऊन परततो. नवव्या दिवशी मासा गेला.

तुमच्याकडे ठिपके दिसलेच, तर सगळे मासे वेगळ्या टँकमध्ये हलवा, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे टाका आणि तांब्याचं औषध तिथेच, टेस्ट किटने मोजून द्या. मोठ्या टँकमध्ये तांबं ओतलंत तर कोरल, गोगलगायी, कोळंबी सगळं संपेल. मोठा टँक ७६ दिवस माशांविना चालू ठेवा. हो, अडीच महिने रिकामा टँक बघत बसायचं.

बाकी मुंबईच्या गोष्टी. जुहूचं पाणी कॅनमध्ये भरून आणू नका. किनाऱ्याजवळ सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणा उतरतो. नळाचं पाणी आरओ-डीआय फिल्टरमधून काढून, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य बघूनच ॲक्वेरियमचं समुद्री मीठ कालवा. पाणी २५ ते २७ अंशांवर हवं. पंख्याने पाणी गार होतं ते बाष्पीभवनाने, आणि आपल्या दमट हवेत ते धड होत नाही, म्हणून मे-जूनसाठी चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि टँगला तो भरपूर लागतो.

खायला रोज साधी नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा), तेल-मीठ-मसाला न लावलेली, क्लिपने काचेला लावायची. टँग सगळ्यांत शेवटी सोडा आणि चार फुटांत एकच.

सध्या माझ्याकडे कोले आहे. सकाळी काचेवरच्या हिरव्या थरात त्याच्या ओठांचे गोल-गोल ठसे उमटलेले असतात. आई ते बघते आणि रोज विचारते, “एवढा खातोय, याचं कालवण कधी?”