फिशटँकच्या हीटरला बाहेरचा टेंपरेचर कंट्रोलर कसा लावायचा

गोव्यात राहून टँकला हीटर कशाला हवा, असं दर डिसेंबरात कोणी ना कोणी विचारतंच. वर्षातले सात-आठ महिने खरंच नको. पण थंडीत पणजी-मडगावच्या बाजूला रात्री हवा २० डिग्रीच्या आसपास उतरते, आत सत्तरी-सांग्याकडे त्याहून खाली, आणि दुपारी परत ३१-३२. या चढउतारात दोन फुटी टँकचं पाणी रात्रीतून तीन-चार डिग्री गार होतं आणि मग थोड्या दिवसांत माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसायला लागतात. पावसात आठवडाभर झड लागली की डिस्कससारखे नाजूक मासे काळवंडून कोपऱ्यात उभे राहतात. म्हणजे हीटर हवा, पण तीन-चार डिग्रींपुरताच.

आणि आपल्याकडे खरी भीती आहे ती इथेच. थंड देशात हीटर बंद पडला तर मासे गारठून मरतात, आपल्याकडे हीटर बंद पडला तर फारसं काही होत नाही, पण तो चालूच राहिला तर मात्र संपलं, कारण खोलीच मुळात गरम, पाण्यातली उष्णता बाहेर जायला वावच कमी.

माझ्याबाबतीत हे झालंय. फोंड्याच्या घरी दोन फुटी टँक, त्यात चार एंजल मासे, रुपयाच्या नाण्याएवढे असल्यापासून वाढवलेले, त्यातल्या दोघांची जोडी जमून पानावर अंडी घालायला लागली होती. दुकानात सांगितलं मोठाच हीटर घ्या, पुढे मोठ्या टँकला पण चालेल, म्हणून २०० वॅटचा घेतला. जानेवारीतल्या एका सकाळी टँकच्या काचेला हात लावला तर काच गरम, थर्मामीटरवर ३९, हीटरचा डायल २६ वर आणि त्याचा लाल दिवा तरीही पेटलेला. चारही गेले. त्या दिवसापासून मी बाहेरच्या कंट्रोलरशिवाय हीटर लावत नाही आणि ओळखीतल्या कोणाला लावूही देत नाही.

झालं काय होतं? साध्या हीटरच्या काचेच्या नळीत वरच्या बाजूला थर्मोस्टॅट असतो, बहुतेकांत दोन धातूंची जोडपट्टी, ती तापली की वाकते आणि संपर्क सुटतो, गार झाली की परत चिकटतो. दर वेळी तिथे बारीकशी ठिणगी पडते. असं हजारो वेळा झालं की कधीतरी ते दोन बिंदू एकमेकांना चिकटूनच बसतात आणि मग डायल कितीवर आहे याला काही अर्थ राहत नाही. शिवाय हा थर्मोस्टॅट असतो हीटरच्याच पोटात, त्याला टँकच्या दुसऱ्या टोकाचं पाणी कसं आहे ते कळत नाही.

बाहेरचा कंट्रोलर म्हणजे एक डबी. ती भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लागते, हीटर तिच्यात लागतो आणि तिच्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला असलेलं सेन्सर पाण्यात राहतं. पाणी ठरवलेल्या आकड्याला पोचलं की डबी हीटरची लाईटच तोडते. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट असतोच, म्हणजे दाराला दोन कड्या झाल्या, पाणी उकळायला दोन्ही एकाच वेळी बिघडायला लागतात. ही गोष्ट डोक्यात ठेवून पुढचं सगळं करायचं.

१. आधी हीटर बरोबर आहे का बघा

लिटरमागे एक वॅट हा नियम सगळीकडे ऐकायला मिळतो, आपल्या हवेला अर्धा ते एक वॅट पुरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये भरून ५६ लिटर, वाळू-दगड जाऊन साधारण ५० लिटर पाणी राहतं, त्याला ५० वॅट भरपूर झाले. हिशोब करून बघा: २०० वॅटचा हीटर ५० लिटर पाणी तासाला जवळजवळ साडेतीन डिग्रीने वर नेऊ शकतो, म्हणजे तुम्ही झोपून उठेपर्यंत खेळ खलास, पण ५० वॅटचा तासाला एक डिग्रीसुद्धा चढवत नाही आणि थोडं तापल्यावर टँक जेवढी उष्णता बाहेर टाकतो तेवढीच तो देतो. अडकलाच तर तुम्हाला कळायला वेळ मिळतो. कंट्रोलरपेक्षाही हा पहिला विमा. टँक चार फुटी असेल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या.

२. कंट्रोलर कुठला

दोन तऱ्हा मिळतात. एक, तयार प्लग आणि सॉकेट असलेला, उदाहरणार्थ इंकबर्ड कंपनीचा आयटीसी-३०८, त्याला हीटिंगचं एक आणि कूलिंगचं एक अशी दोन सॉकेटं असतात. दुसरा, एसटीसी-१००० सारखा उघडा पॅनेल, स्वस्त आणि कामाला चांगला, पण मागे नुसते स्क्रू असतात आणि त्यावर २३० व्होल्टच्या वायरी आपण जोडायच्या. हा घ्यायचा असेल तर बंद प्लास्टिकच्या डब्यात बसवून वायरमनकडूनच जोडून घ्या, पाण्याशेजारी उघडे स्क्रू म्हणजे घरात लहान पोरं असोत नसोत, जिवाशी खेळ आहे. मी नवीन माणसाला पहिलाच प्रकार घ्यायला सांगतो.

घेताना दोन गोष्टी बघा. बाहेरून मागवलेल्या कंट्रोलरची पिन कधीकधी आपल्या सॉकेटला बसत नाही आणि मग लोक दोन पिनांचा अडॅप्टर लावतात, त्यात अर्थिंग तुटतं. तीन पिनांचाच हवा. आणि समुद्राच्या पाण्याचा टँक असेल तर सेन्सरचं टोक प्लास्टिकने बंद केलेलं घ्या, स्टीलचं टोक खाऱ्या पाण्यात गंजत जातं. रिलेच्या (डबीतला हीटर चालू-बंद करणारा स्विच) ताकदीची चिंता करू नका, हे १० अँपियरचे असतात आणि २०० वॅटचा हीटर एक अँपियरही घेत नाही.

३. लाईटचं काम

इथे घाई नको. घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच, आहे का बघा (बरेच जण त्याला ईएलसीबी म्हणतात). साधा एमसीबी असला म्हणजे झालं असं वाटतं, पण एमसीबी पडतो तो शॉर्ट झाला किंवा लोड जास्त झाला तर, पाण्यात करंट उतरून तो तुमच्या हातातून गेला तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. हीटरची काच तडकली तर नेमकं हेच होतं. जुन्या घरात अर्थिंग नुसतं नावाला असतं आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की ते आणखी कमजोर होतं, तेव्हा वायरमन आलाच आहे तर तेही तपासून घ्या.

कंट्रोलर टँकच्या वरच्या पातळीला, बाजूच्या भिंतीवर टांगा. जमिनीवर नको, टँकच्या झाकणावर तर नकोच. आणि प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाला ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. किनाऱ्याजवळ राहत असाल तर पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडतात, अधूनमधून काढून पुसा. मुंग्यांना या डब्या फार आवडतात, आत शिरून रिलेत चिरडल्या की संपर्क नीट बसत नाही, म्हणून डबीच्या आसपास माशांचं खाणं ठेवू नका.

४. हीटरचा डायल, दुसरी कडी

बरेच जण कंट्रोलर लावला की हीटरचा डायल शेवटपर्यंत फिरवून ३४ वर ठेवतात, म्हणजे सगळा कारभार कंट्रोलर बघेल. हे करू नका! मग दुसरी कडी उरतच नाही. डायल कंट्रोलरपेक्षा दीड-दोन डिग्रीच वर ठेवायचा.

पण डायलवरचे आकडे क्वचितच खरे असतात, म्हणून आधी हीटर एकटाच तपासा. थंडीतल्या रात्री बादलीत पाणी घ्या, हीटर पूर्ण बुडेल असा ठेवा, एअरपंपचा दगड सोडा म्हणजे पाणी हलतं राहील, थर्मामीटर टाका आणि दिवा कितीला विझतो ते लिहून ठेवा. माझ्या एका हीटरवर २८ लिहिलेलं असताना तो ३० ला विझायचा. तुम्हाला पाणी २७ हवं असेल तर दिवा २८.५ ते २९ ला विझेल अशा जागी डायल आणा आणि तिथे पेनाने खूण करा.

५. सेन्सर कुठे ठेवायचं

हीटर फिल्टरच्या धारेजवळ, आडवा किंवा तिरका. सेन्सर लांबच्या टोकाला, मधल्या खोलीवर. हीटरला खेटून ठेवलं तर जवळचं पाणी तापलं की लगेच बंद, गार झालं की लगेच चालू, रिले दिवसभर टकटक करत राहतो आणि लांबचं पाणी गारच.

सगळ्यात महत्त्वाचं, सेन्सर पाण्याबाहेर येता कामा नये. वायर तुटली तर चांगला कंट्रोलर एरर दाखवून हीटर बंद करतो, पण सेन्सर नुसतं बाहेर लोंबत असेल तर त्याच्या दृष्टीने सगळं ठीकच असतं, ते बिचारं खोलीतली २१ डिग्री हवा मोजत बसतं आणि कंट्रोलर पाणी गार आहे असं समजून हीटर रात्रभर चालू ठेवतो. रबरी कप सहा महिन्यांत कडक होऊन सुटतात. सेन्सरची वायर केबल टायने टँकच्या काठाला किंवा फिल्टरच्या पाईपला बांधा. माझ्याकडे एकदा काच पुसताना सेन्सर बाहेर आलं आणि लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी. पाणी २८.५ ला थांबलेलं होतं, कारण डायलवाली कडी शाबूत होती.

६. आकडे भरा

गप्पी, एंजल, बेटा यांना २६-२७, डिस्कसना २८ ते ३०, निऑन टेट्राला २५ च्या आसपास. गोल्डफिशना हीटर नकोच. आयटीसी-३०८ वर टीएस म्हणजे हवं ते तापमान, २७ भरा. एचडी म्हणजे किती खाली गेल्यावर हीटर चालू करायचा, ०.५ भरा, मग २६.५ ला चालू, २७ ला बंद. एएच म्हणजे वरचा अलार्म, थंडीत २९ ठेवा (एप्रिल-मेमध्ये ३२ करा, नाहीतर रोज दुपारी शिट्टी वाजेल), एएल म्हणजे खालचा, २४. एसटीसी-१००० वर एफ१ तापमान आणि एफ२ फरक. लक्षात ठेवा, रिले चिकटला असेल तर अलार्म नुसता ओरडतो, हीटर तोडत नाही, तिथे परत डायलच कामाला येतो.

सेन्सर खरं सांगतंय का ते बघायला घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर वापरा. तो ३२ च्या खाली काही दाखवत नाही, म्हणून भांड्यात ३७ च्या आसपासचं कोमट पाणी घ्या, दोन्ही टोकं एकत्र धरा, ढवळत राहा. कंट्रोलर अर्धा डिग्री कमी दाखवत असेल तर सीएमध्ये (आयटीसीवर सेन्सरची चूक भरून काढायची जागा), एसटीसीवर एफ४ मध्ये, तेवढा अर्धा भरा.

७. चालू करून बघा, दिवसा

रात्री लावून झोपायला जाऊ नका, रविवारी सकाळी लावा. सेन्सर बर्फाच्या ग्लासात धरा, टक आवाज येऊन हीटरचा दिवा लागला पाहिजे. मग कोमट पाण्यात धरा, विझला पाहिजे. ही परीक्षा महिन्यातून एकदा परत घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. पहिले दोन दिवस वेगळा काचेचा थर्मामीटर टँकमध्ये ठेवून तीन-चार वेळा आकडे जुळवा.

लाईट गेली-आली तरी बहुतेक कंट्रोलर आकडे विसरत नाहीत, पण तुमचा विसरतो का ते मेन बंद करून एकदा बघून घ्या, विशेषतः जत्रेला किंवा चवथीला गावच्या घरी चार-पाच दिवस जाणार असाल तर. पाणी बदलताना सगळं सॉकेटमधून काढा, १५-२० मिनिटं थांबा आणि मगच पाणी उपसा. तापलेला हीटर हवेत उघडा पडला की त्यावर गार पाणी लागताच काच तडकते.

मार्चमध्ये हीटर काढाल तेव्हा कंट्रोलर काढू नका, कूलिंगच्या सॉकेटला छोटा पंखा लावून तो पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालेल असा ठेवा आणि सीडी, म्हणजे किती वर गेल्यावर पंखा चालू करायचा, १ भरा. टीएस २९ केलंत तर पंखा ३० ला सुरू होईल. आपल्या दमट हवेत पंख्याने डिग्री-दीड डिग्रीच उतरते, त्याहून जास्त आशा धरू नका, पण मेच्या दुपारी तेवढीही माशांना पुरते. पाणी लवकर आटतं तेवढं भरत राहा. काढलेला हीटर पुसून, कोरडा करून, कापडात गुंडाळून ठेवा, आणि डिसेंबरात टँकमध्ये घालण्याआधी परत एक रात्र बादलीत.